दोन ते सव्वातीन

विडी घरकुलातल्या एका खोलीत
राजव्वा म्याकलच्या गळ्यात मी यंत्र अडकवलं.
काडेपेटीएवढं. पदराला चिमट्यानं लावलेला
एक बारका माईक.
"चोवीस तास काढायचं नाही.
आंघोळीपुरतं खुंटीला, बस्स."
तिनं ते मंगळसूत्राशेजारी नीट बसवलं
आणि विचारलं, "ह्याला तेलुगु कळतंय का?"

या गावात खोकल्याला तीन नावं.
मी खोकला म्हणते, राजव्वा दग्गु,
पलीकडच्या गल्लीतले हत्तुरे टेलर केम्मु.
तिन्ही शब्द आधी छातीनंच उच्चारले असणार,
जिभेनं नंतर उचलले.
माझ्या फॉर्मात मात्र एकच प्रश्न:
आठ आठवड्यांहून जास्त? हो / नाही.
"आठ आठवडे?" राजव्वा हसली.
"थोरल्याच्या बारशापासून हाय की.
त्याच्या डोक्यावरचे केस गेले आता."

रात्री पंखा बंद करून, कान झाकून
मी तिचा दिवस ऐकते.
पडद्यावर उभ्या रेघा. एकेक तपासायची.
हा खोकला.
हा नाही, हा कुकर.
हा शेजारचा माग, धोटा इकडून तिकडे.
हा नातू, सतराच्या पाढ्यात अडकलेला.
हा खोकला. हा खोकला. हा
खोकला.
ओलं पान कापताना कात्री किती हळू बोलते.
मग सूप हलतं, तंबाखूची कोरडी सळसळ,
आणि तिच्या पाठोपाठ, उधारी वसूल करायला आल्यासारखी,
ती लांबलचक उबळ.
चारशे अकरा, मी लिहिलं.

पण दुपारी दोन ते सव्वातीन
एकही रेघ नाही.
यंत्र बंद पडलं म्हणावं तर
बांगड्या वाजतायत, बायका बोलतायत,
कुणी पुरुष नंबर पुकारतोय.
फक्त ती नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं.
"कारखान्यात गेलते, माल द्यायला.
रांगेत खोकलं की चेकर म्हणतो,
ह्या बाईचा माल बाजूला ठेवा,
खोकणारीच्या हातची विडी कोण ओढंल?"
हे सांगताना ती रागावली नव्हती.
मी रागवायला बसले होते,
तेवढ्यात तिनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.
"मग थांबवता कसं?"
"जिभेखाली लवंग. दातात पदर.
आणि मनात हजाराची मजुरी मोजायची,
पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून."

ती सव्वा तासाची पट्टी मी आवाज चढवून ऐकली.
खोल गेलं की कळतं: श्वास अर्ध्यावर अडतो,
नाकातून बारीक शीळ,
मग आवंढा.
एकेक आवंढा आधीच्यापेक्षा जड.
अडतीस.
पुण्याहून सर फोनवर म्हणाले,
"जो आला नाही तो खोकला कसा धरणार?
सोडून दे तेवढा तुकडा."
तक्त्यातून सोडला.
वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं ठेवलाय:
दोन ते सव्वातीन, अडतीस.
त्याचं काय करायचं ते अजून माहीत नाही.

यंत्र परत घ्यायला गेले तेव्हा
तिनं ते दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं.
"आला का माझा आवाज?"
आला, म्हटलं. बराच आला.
मग भाकरी, दही, वर शेंगाचटणी,
खलबत्त्यातली, लालभडक.
पहिल्याच घासाला ती माझ्या घशात गेली,
आणि मी डोळ्यांत पाणी येईतो,
भिंतीचा आधार घेऊन,
कॉलेजात शिकलेलं सगळं विसरून खोकले.

राजव्वानं पाठीवर थाप मारली.
नातवाकडे बघून म्हणाली,
"लिही रे, बाईंचा एक."
आणि हसता हसता
तिलाच उबळ आली.
पिशवीतलं यंत्र बंद होतं.